वहीतला तिसरा रकाना

मागच्या वर्षी मी एका बाईंना मेलमध्ये एक शब्द लिहून पाठवला आणि तो शब्द अजून मनातून जात नाहीये. आम्ही एकत्र काम करतो पण प्रत्यक्ष कधी भेटलेलो नाही, त्या दुसऱ्या देशात असतात, इंग्रजी त्यांना आईकडून मिळालेली, मला वहीतून. त्यांची आई गेली. त्यानंतर दोनेक महिन्यांनी त्यांनी आईच्या शेवटच्या दिवसांवर तीन पानं लिहिली आणि आम्हा चार-पाच जणांना पाठवली. आईचे शब्द एकेक करून निसटत गेले होते. चष्म्याला ती विंडोज म्हणायला लागली होती, माझ्या खिडक्या कुठे ठेवल्यास म्हणून सारखं विचारायची, आणि या मुकाट्याने चष्मा आणून तिच्या हातात द्यायच्या, एकदाही तिचा शब्द दुरुस्त न करता. मी ते रात्री उशिरा वाचलं, घरात सगळे झोपलेले, स्क्रीनचा उजेड तेवढा, आणि वाचून झाल्यावर घसा इतका दाटून आला की सकाळपर्यंत थांबवेना, तिथल्या तिथे उत्तर लिहिलं. दोनच ओळी. त्यातल्या एका ओळीत लिहिलं होतं की तुम्ही लिहिलंय ते फार पथेटिक आहे, मला झोप लागत नाहीये.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. थँक यू फॉर रीडिंग. एवढंच.

या बाईंचा मेल कधी एवढा छोटा नसतो. कामाचं लिहितानाही त्या चार ओळी जास्तीच्या लिहितात आणि शेवटी हमखास एक प्रश्न असतो, तुझ्या हातात सध्या कोणतं पुस्तक आहे, पाठदुखी कशी आहे, असं काहीतरी, म्हणजे पुढचा मेल आपण लिहावाच लागतो. त्या दिवशी प्रश्न नव्हता. मी स्वतःची समजूत घातली की दुःखात आहेत, कशाला लांबलचक लिहितील. मग महिन्याभराने एका मीटिंगमध्ये कोणीतरी एका गचाळ झालेल्या रिपोर्टबद्दल बोलताना ओठ वाकडा करून म्हणालं, पथेटिक. आणि माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. हा शब्द असा वापरलेला मी पहिल्यांदा ऐकत होते असं अजिबात नाही, शंभर वेळा ऐकला असेल, मॅचच्या कॉमेंट्रीत, मालिकांमध्ये, भांडणात. मला तो अर्थ माहिती होता, कीव यावी इतकं टाकाऊ. मग त्या रात्री माझ्या बोटांतून दुसराच अर्थ का उतरला?

याचं उत्तर माळ्यावर होतं. वही सापडली, दोनशे पानी, कडा कुरतडलेल्या, आणि उघडल्यावर तो जुन्या शाईचा आणि दमट कागदाचा वास. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेल्या दोन उभ्या रेघा, त्यामुळे तीन रकाने. शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग. या रेघा बाबांच्या. ते दर रविवारी सकाळी लाल पेनने आठवड्याभराची पानं आखून द्यायचे आणि मी रोज पाच शब्द लिहायचे. पुठ्ठा निघालेली एक इंग्रजी-मराठी डिक्शनरी होती, बाबांनाही ती कोणाकडून तरी मिळालेली, एस अक्षराची पानं सुटून आलेली, ती मांडीवर घेऊन बसायचं आणि अक्षराच्या क्रमाने नाही, तर वाचताना अडलेला शब्द शोधायचा. वहीत तो शब्द सापडला. पथेटिक: करुण, हृदयद्रावक, अंतःकरण हेलावणारे. हृदयद्रावकमधला ऋकार मी दोनदा गिरवलाय, मला तो शब्द आवडला असणार. आणि तिसरा रकाना रिकामा.

वही चाळत गेले तेव्हा लक्षात आलं की तिसरा रकाना पहिल्या वीसेक पानांवरच नीट भरलेला आहे. सुरुवातीला खरीखुरी वाक्यं आहेत, कुत्रा, पाऊस, शेजारची मुलगी यांच्यावरची. मग वाक्यं आखडत जातात. ही इज ऑबस्टिनेट. ही इज जेनरस. ही इज रिलक्टंट. हा ही कोण, कुठे राहतो, काय करायला तयार नाहीये, काही पत्ता नाही, आणि त्या वाक्यातला शब्द काढून तिथे डिक्शनरीतला दुसरा कुठलाही शब्द बसवला तरी वाक्याला काही फरक पडत नाही. अशा वाक्याने शब्द शिकून होत नाही, फक्त रकाना भरतो. आणि नंतर नंतर तर रकाना भरणंही बंद, नुसती पांढरी पट्टी वरून खालपर्यंत. अर्थाचा रकाना मात्र शेवटच्या पानापर्यंत शिस्तीत, प्रत्येक ओळीपुढे बाबांची बरोबरची छोटी खूण.

मी बाबांना विचारलं. आता त्यांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे जवळ बसून, वही मांडीवर उघडून विचारलं.

"बाबा, तुम्ही तिसरा रकाना कधीच कसा तपासला नाहीत?"

त्यांनी चष्मा वर सरकवून पानं उलटली, बराच वेळ, मला वाटलं प्रश्न ऐकूच आला नाही.

"अगं, मला कुठे येत होतं वाक्य," ते म्हणाले. "अर्थ डिक्शनरीत बघून तपासता यायचा. वाक्य तपासायला माणूस लागतो. चुकीच्या वाक्यावर मी बरोबरची खूण केली असती तर तुझ्यात तेच राहिलं असतं ना."

मला यावर काही बोलता आलं नाही. इतकी वर्षं मी समजत होते की बाबांना कंटाळा यायचा.

शब्द पाठ करणाऱ्या प्रत्येकाची गोची त्यांच्या या एका वाक्यात आहे असं मला आता वाटतं. अर्थ ही कुठेही नेता येणारी गोष्ट आहे, कागदावर, कार्डावर, मोबाइलवर. वाक्याचं तसं नाही. ते कोणीतरी कोणालातरी म्हटलेलं असावं लागतं. आणि गंमत म्हणजे इंग्रजी डिक्शनरीलासुद्धा हे समजायला वेळच लागलाय. 1604 साली रॉबर्ट कॉड्रीने इंग्रजीतल्या अवघड शब्दांची पहिली डिक्शनरी काढली त्यात अडीच हजाराच्या आसपास शब्द होते आणि प्रत्येकापुढे एखाद-दोन शब्दांचा अर्थ, बस, थेट माझ्या वहीचे पहिले दोन रकाने. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या डिक्शनरीत मात्र शब्दांखाली लेखकांची वाक्यं आली, एक लाखाच्या वर. म्हणजे हा शब्द असा असा आहे एवढं सांगून तो थांबला नाही, हा बघा, इथे इथे तो असा वावरला, हे दाखवलं. मधली दीडशे वर्षं बहुतेक सगळे रिकाम्या तिसऱ्या रकान्यावर भागवत होते.

आणि मग ती मोठी डिक्शनरी, ऑक्सफर्डची. तिची कल्पना 1857 सालची, जेम्स मरे संपादक झाले 1879 मध्ये, पहिला भाग आला 1884 मध्ये आणि तो ए पासून जेमतेम ॲन्टपर्यंतच पोचला होता, आणि सगळं काम पुरं झालं 1928 साली. मरे 1915 मध्येच गेले, शेवट त्यांनी बघितला नाही. मला त्या कामातली सगळ्यात ओढ लावणारी गोष्ट म्हणजे चिठ्ठ्या. ठिकठिकाणची साधी माणसं घरी बसून पुस्तकं वाचायची आणि एखादा शब्द दिसला की तो ज्या वाक्यात आलाय ते अख्खं वाक्य, पुस्तकाचं नाव आणि साल एका चिठ्ठीवर उतरवून पोस्टाने पाठवायची. मरे यांनी बागेत एक पत्र्याची खोली उभारली होती, तिच्या भिंती कप्प्यांनी भरलेल्या, त्या कप्प्यांत या चिठ्ठ्या लावायच्या, आणि मग त्या समोर पसरून, वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून, त्यांतून अर्थ काढायचा. म्हणजे क्रम उलटा. माझ्या वहीत आधी अर्थ आणि मग जमलं तर वाक्य, तिथे आधी वाक्यं आणि मग त्यांच्यातून अर्थ. 4,14,825 शब्द आणि त्यांच्यासाठी छापलेली अठरा लाखांवर वाक्यं. आणि बाँडमेड नावाच्या एका शब्दाच्या चिठ्ठ्या हरवल्या तर तो शब्द पहिल्या आवृत्तीत आलाच नाही. शब्द माहिती होता सगळ्यांना, पण चिठ्ठीशिवाय त्याला आत घेणार कसं.

मी त्या डिक्शनरीत पथेटिक शोधला. का शोधला तर खरं सांगायचं तर मला कोणीतरी म्हणायला हवं होतं की तुझं चुकलं नाही. आणि एका परीने तसं म्हणणारी वाक्यं तिथे होती. ग्रीक पॅथॉसपासून आलेला शब्द, मनाला भिडणारं दुःख. इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून, आणि कितीतरी काळ त्याचा अर्थ तोच होता जो मी निळ्या शाईत लिहिलाय, अंतःकरण हेलावणारं. वाक्यं सालाप्रमाणे एकाखाली एक लावलेली असतात, त्यामुळे खाली खाली वाचत गेलं की शब्द उतरताना दिसतो. हेलावणारं, मग कीव यावी असं, आणि विसाव्या शतकात येता येता कीव आटून जाते आणि राहते ती नुसती तुच्छता. माझा अर्थ खोटा नव्हता. तो वरच्या पायरीवरचा होता, आणि ती बाई राहते खालच्या पायरीवर, आजच्या इंग्रजीत. बाबांची डिक्शनरी ज्याने कोणी लिहिली तो वर उभा राहून लिहीत होता आणि मी तिथूनच बोलले.

एकाच शब्दाचं असं झालंय असंही नाही. सिली म्हणजे मूर्ख, पण जुन्या इंग्रजीत त्याच शब्दाच्या पूर्वजाचा अर्थ होता सुखी, धन्य. धन्यवरून निष्पाप, निष्पापवरून बिचारा, बिचारावरून बावळट. नाइसचा प्रवास बरोबर उलटा, लॅटिनमध्ये अजाण, इंग्रजीत आला तेव्हा मूर्ख, आणि आज कोणालाही हसतमुखाने म्हणावा असा. ऑफुलमध्ये एके काळी दरारा होता, देवापुढे वाटतो तसला. आणि आपल्याकडचं साहस बघा ना, जुन्या संस्कृत धर्मग्रंथांमध्ये साहस हा गुन्हा आहे, जबरदस्ती, दांडगाई, आणि आपण मुलांना साहसी हो म्हणतो.

पण मला सगळ्यात आधी आठवला तो शहाणा. समजा कोणी परका माणूस मराठी शिकतोय, त्याने वहीत लिहिलं, शहाणा: बुद्धिमान, समंजस, आणि तो मनापासून, आदराने, घरातल्या मोठ्या माणसाला म्हणाला, तुम्ही फार शहाणे आहात. डिक्शनरी बरोबर, व्याकरण बरोबर, मनातला भाव सोन्यासारखा. आणि ऐकणाऱ्याला मात्र थप्पड बसल्यासारखं होणार. लहान मुलाला पाठीवर हात ठेवून शहाणं माझं बाळ ते म्हणायचं आणि मोठ्याला तोच शब्द पुढे फार लावून म्हटला की त्याची नांगी बाहेर येते, हे कुठल्या अर्थाच्या रकान्यात लिहिणार. हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही, आपण ते हजार वेळा ऐकलंय, कोणाच्या तोंडून, कोणाला, कुठल्या सुरात. त्या परक्या माणसाकडे सूर नाहीये. त्याच्याकडे वही आहे.

त्या रात्री मी तो परका माणूस होते.

नोकरीला लागल्यावर मी पहिल्यांदा परभाषकांसाठी बनवलेली इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी घेतली, आणि कितीतरी महिने तिच्यातली तिरक्या अक्षरांतली वाक्यं मी वाचतच नव्हते. डोळे फक्त अर्थावर जायचे, तिरकी अक्षरं म्हणजे नंतर वेळ मिळाला तर वाचायची अशी सवय हाताला लागलेली. आज कळतं की खरी मेहनत त्या तिरक्या अक्षरांत होती. असल्या डिक्शनरीचा पाया ए. एस. हॉर्नबी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी घातला, तिघेही जपानमध्ये इंग्रजी शिकवणारे, आणि त्यांची डिक्शनरी पहिल्यांदा टोकियोतच 1942 साली निघाली, महायुद्ध पेटलेलं असताना, मग 1948 मध्ये ऑक्सफर्डने ती काढली. वर्गात बसलेली मुलं रोज कुठे अडखळतात ते समोर बघितल्यावर त्यांना कळलं असणार की मुलांना अर्थ सापडतो, पण हा शब्द वाक्यात उभा कसा करायचा, त्याच्यापुढे टू लावायचा की ऑफ, हे सापडत नाही. त्याही आधी 1935 मध्ये मायकल वेस्ट यांनी 24,000 नोंदी समजावून सांगायला फक्त 1,490 साधे शब्द वापरले होते. या आकड्यासमोर मी खरंच थांबले. कारण अवघड शब्दाचा अर्थ आणखी अवघड शब्दाने सांगितलेला असला की जो ताप होतो तो ज्याने भोगलाय त्यालाच माहिती, एक शब्द बघायला जायचं आणि चार नवीन घेऊन परतायचं.

मग 1987 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली कोबिल्ड नावाची डिक्शनरी तयार झाली. तिच्यात कम्प्युटरवर जमवलेल्या, माणसांनी खरोखर लिहिलेल्या-बोललेल्या इंग्रजीतून वाक्यं घेतली होती आणि अर्थसुद्धा तुकड्यात न देता आख्ख्या वाक्यात दिला होता, म्हणजे एखादी गोष्ट करायला तुम्ही रिलक्टंट असता तेव्हा तुमच्या मनात ती करायची नसते आणि तुम्ही आढेवेढे घेत असता, अशा धर्तीवर. कोणीतरी शेजारी बसून सांगतंय असं वाटतं. माझ्या वहीत रिलक्टंटपुढे लिहिलंय: नाखूष, अनिच्छुक. बरोबरच आहे. पण नाखूष माणूस तोंड पाडून बसतो, रिलक्टंट माणूस उठतो, चपला घालतो, दारापर्यंत जातो आणि तिथे रेंगाळतो. इंग्रजीत रिलक्टंट स्माइल असतं, म्हणजे हसायचं नव्हतं, राग धरायचा होता, पण ओठांनी ऐकलं नाही. लॅटिनमध्ये या शब्दाच्या आत कुस्ती आहे, एखाद्या गोष्टीशी झोंबणं. ती झटापट ही इज रिलक्टंटमध्ये कशी दिसणार. रिलक्टंट टु लीव्ह म्हटलं की लगेच दिसते.

भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1957 मध्ये म्हटलेलं एक वाक्य भाषा शिकवणारे सतत सांगतात, की शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबतीवरून. आपण माणसांबद्दल म्हणतो तेच. आणि ही सोबत फार खोल जाते. कॉज हा किती साधा शब्द, घडवून आणणे, कारणीभूत होणे, माझ्या वहीच्या दुसऱ्याच पानावर आहे. पण लाखो वाक्यं एकत्र बघितली तेव्हा अभ्यासकांना दिसलं की कॉजच्या पुढे बहुतेक वेळा येतं ते वाईटच, नुकसान, त्रास, वेदना, अपघात, मृत्यू. प्रोव्हाइडच्या पुढे मात्र मदत, आधार, काळजी. त्यामुळे तुम्ही मला आनंद कॉज केलात हे वाक्य व्याकरणात बसतं आणि तरी कानाला खडा लागतो. मला हे वाचल्यावर एकदम आपलं ओढवणं आठवलं. संकट ओढवतं, मरण ओढवतं, नामुष्की ओढवते. आनंद कधी ओढवत नाही. लग्न ठरलं असं कळवताना कोणी आमच्यावर लग्न ओढवलं असं लिहिणार नाही. ओढवणेचा अर्थ सांग म्हटलं तर मी येणे, घडणे असंच काहीतरी सांगेन आणि ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून जाईल, कारण ती मला माहिती आहे हेच मला माहिती नाहीये. मातृभाषेत प्रत्येक शब्दाचा तिसरा रकाना आपोआप भरलेला असतो आणि आपण तो कधी उघडून बघितलेला नसतो.

माझी भाची परीक्षेसाठी शब्द पाठ करतेय. तिच्या मोबाइलवर एक ॲप आहे, एका बाजूला शब्द, बोटाने उलटवलं की अर्थ, येत असेल तर उजवीकडे सरकवायचं, नसेल तर डावीकडे, डावीकडचे लवकर परत येतात. ही युक्ती जुनीच आहे, सेबास्टियन लाइटनर यांनी 1970 च्या दशकात कार्डांच्या पेटीत हेच केलं होतं, न आलेली कार्डं पहिल्या कप्प्यात, येणारी त्याच्या मागच्यात. त्याच्या मुळाशी मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांचे प्रयोग आहेत, 1885 साली छापलेले, त्यांनी स्वतःवरच करून बघितलं की पाठ केलेलं किती वेगाने विसरतं आणि अंतराअंतराने उजळणी केली की कसं टिकतं. मला त्यातली एक गोष्ट टोचते. त्यांनी पाठ करायला मुद्दाम बिनअर्थाची अक्षरं घेतली होती, कशाशीच नातं नसलेली, म्हणजे नुसती स्मरणशक्ती मोजता यावी. आणि आपण खऱ्या शब्दांचीच नाती तोडून त्यांना तसलंच करून टाकतो आणि मग ते विसरले म्हणून चिडतो. तरी मी भाचीला ॲप सोड असं म्हटलं नाही. शब्दांची संख्या लागतेच. इंग्रजी पुस्तक दुसऱ्याला न विचारता वाचायचं तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सगळी पोरंबाळं मिळून एक कुळ, असा शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांचा 2006 चा हिशोब आहे, तेव्हा कुठे शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे होतात. एवढे शब्द नुसते भेटायची वाट बघत बसून येत नाहीत. रोजचे पाच शब्द फुकट गेले असं मी कधी म्हणणार नाही, ते नसते तर त्या बाईंची तीन पानं मला वाचताच आली नसती.

परवा ती माझ्याजवळ येऊन बसली.

"मावशी, फ्रूगल म्हणजे काटकसरी आणि स्टिंजी म्हणजे कंजूष. सेमच आहे ना दोन्ही? मी दोन्ही उजवीकडे टाकते."

मी तिला म्हटलं, "पैसे न खर्चणारी एकच बाई आहे असं समज. तिच्याबद्दल तिची मुलगी सांगतेय. आणि मग तिच्याबद्दल तिच्याकडे काम करणारा माणूस सांगतोय. कोण कुठला शब्द वापरेल?"

तिने जरा विचार केला. "मुलगी फ्रूगल." मग थांबून म्हणाली, "पण मुलगी चिडलेली असेल तर?"

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. चिडलेली असेल तर, हेच तर. मी तिला वाक्य करायला सांगितलं, आणि अट घातली की त्यात ही आणि शी चालणार नाही, खरं माणूस पाहिजे, तुझ्या ओळखीचं. ती बराच वेळ पेन चावत बसली आणि मग तिने लिहिलं, आजोबा आर फ्रूगल विथ वर्ड्स. मी आर खोडून इज केलं, आपला आदर तिने क्रियापदात नेला होता. खोडताना हात जड झाला. बाकी वाक्याला हात लावला नाही. पैशाचा शब्द तिने बोलण्याला लावला होता आणि तो तिथे चपखल बसला होता, आणि पलीकडच्या खोलीत आमचे बाबा, ज्यांनी मला इतक्या वर्षांनी एवढी मोठी गोष्ट दोन-तीन वाक्यांत सांगितली, काहीच न ऐकता पेपर वाचत होते.

त्या दिवशी रात्री मी बाबांना पथेटिकचं सगळं सांगितलं. मेल, मीटिंग, डिक्शनरीतल्या पायऱ्या. ते अस्वस्थ झाले. "म्हणजे करुण नाही का?" दोनदा विचारलं. नव्हतं सांगायला पाहिजे असं वाटून गेलं मला, या वयात त्यांच्या बरोबरच्या खुणेखालची जमीन काढून घेतल्यासारखं झालं. मी म्हटलं, होता बाबा, बरीच शतकं होता. मग त्यांनी विचारलं, "तू तिला सांगितलंस का मग?"

नव्हतं सांगितलं. वर्ष होत आलं होतं. आधी वाटलं की त्यांच्या लक्षातही नसेल, मग वाटलं की आता उकरून काढलं तर आणखी वाईट. शब्दांचा इतिहास वाचणं सोपं होतं, मेल लिहिणं अवघड.

लिहायच्या आधी मी त्यांची ती तीन पानं परत काढली. या वेळी सावकाश वाचली. चष्म्याच्या खिडक्या तिथेच होत्या, पण पहिल्या वेळी रडण्याच्या भरात एक ओळ माझ्याकडून निसटली होती. त्यांनी लिहिलं होतं की आईचा शब्द चुकला की मी शब्दाकडे बघायचं सोडून तिच्या हाताकडे बघायचे, हात कुठे चाचपडतोय त्यावरून कळायचं तिला काय हवंय. मी ती ओळ वाचून बराच वेळ तशीच बसले.

मग मेल लिहिला. मूव्हिंग हा शब्द लिहिला, खोडला, तो मला त्यांच्या पानांपुढे फारच गुळगुळीत वाटत होता, हलवून सोडणारं ते सगळं त्यात मावत नव्हतं, पण परत लिहिला, कारण त्याची संगत मला माहिती होती. पुढे वहीबद्दल लिहिलं. तीन रकाने, लाल रेघा, निळ्या शाईतला करुण, दोनदा गिरवलेला ऋकार, बाबा काय म्हणाले ते. माझा शब्द जुन्या डिक्शनरीतून आला होता एवढंच सांगायचं होतं, पण बाबांबद्दलच जास्त लिहिलं गेलं. आणि पाठवून दिला.

दोन दिवसांनी उत्तर आलं, लांबलचक. त्या ओळीने त्यांना लागलं होतं, दोन-तीन दिवस लागलं होतं, हे त्यांनी सरळ लिहिलं होतं, आणि मग मला झोप लागत नाहीये हे पुढचं वाक्य परत वाचल्यावर त्या शब्दाकडे बघायचं त्यांनी सोडून दिलं होतं. खाली आईबद्दल आणखी काही होतं, ते मी इथे लिहीत नाही. आणि अगदी शेवटी एक प्रश्न होता, तुझ्या बाबांच्या वहीत पथेटिकच्या खालचा शब्द कोणता आहे.

मी वही काढली आणि बघितलं. पेशन्स. धीर, सबुरी. त्याचाही तिसरा रकाना रिकामाच होता, आता तो भरायला बसलेय, बाबा शेजारी आहेत.